गरोदरपणातील पायांची सूज : या चुका टाळा

वैशाख लागून जळगाव-भुसावळकडचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर गेला की, आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या, दिवस भरत आलेल्या बायकांचे पाय चपलेत मावेनासे होतात. उन्हाळ्याने सूज वाढते हे खरे असले, तरी तिचे मूळ शरीरातच असते. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण साधारण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, शरीर एरवीपेक्षा काही लिटर जास्त पाणी धरून ठेवते आणि शेवटच्या तीन महिन्यांत वाढलेले गर्भाशय पायांकडचे रक्त वर नेणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देते, त्यामुळे घोट्यांभोवती पाणी साचते. ही सूज दोन्ही पायांना सारखी असते, संध्याकाळी वाढते आणि रात्रभराच्या विश्रांतीने सकाळी बरीच उतरते. सूज एवढीच असेल तर तो आजार नव्हे आणि ती पूर्ण घालवण्याच्या मागे लागण्याचेही कारण नाही. माझी तक्रार अशी आहे की, अर्ध्या घरांत ही निरुपद्रवी सूज घालवण्यासाठी नको ते उपाय केले जातात आणि उरलेल्या अर्ध्यांत खऱ्या धोक्याच्या सुजेकडेही कोणी पाहत नाही.

‘सर्वासना पाय सुजतस, माय,’ असे म्हणून आई किंवा सासू विषय संपवते, ही मला सर्वांत घातक चूक वाटते, कारण त्या वाक्यात निम्मे खरे आहे. पाय बहुतेकींचे सुजतात. परंतु सकाळी उठल्यावर चेहरा आणि पापण्या सुजलेल्या असणे, बोटातली अंगठी फिरेनाशी होणे, एका आठवड्यात वजन किलोभराहून अधिक वाढणे, हे बहुतेकींचे होत नाही. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर तो प्री-एक्लॅम्प्सिया असतो. डोके दुखायचे न थांबणे, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमकणारे ठिपके येणे, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे आणि लघवी कमी होणे ही त्याची लक्षणे आहेत. मात्र कित्येकींना यातले काहीही जाणवत नाही, तरी रक्तदाब वाढलेला असतो. वेळीच उपचार झाले नाहीत, तर झटके येऊन आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, सुरतेहून माहेरी आलेली लेक मला अजून आठवते. नववा महिना लागला होता, घरात गौराई बसली होती आणि दारच्या निंबाला झोका बांधलेला होता. चार-आठ दिवसांत तिचा चेहरा गोल दिसू लागला, तेव्हा आईने शेजारणींना कौतुकाने सांगितले की, लेकीला माहेरचे पाणी मानवले. बांगड्या मनगटात रुतू लागल्या, तेव्हा त्या उतरवून मोठ्या मापाच्या भरल्या. डोके दुखू लागले, तेव्हा ऊन लागले असे ठरवून कैरीचे पन्हे दिले. तपासणीची फाइल आणि कार्ड सुरतेलाच राहिले होते आणि फाइल नाही तर दवाखान्यात कशाला जायचे, हा त्या घराचा हिशेब होता. शेवटी गावच्या आशाताईंनी तिला दिसायला अंधुक होत असल्याचे ऐकले आणि गाडीत घालून आमच्याकडे आणले. रक्तदाब १७०/११० होता आणि लघवीत प्रथिने भरपूर होती. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेटची इंजेक्शने देऊन १०८ च्या गाडीने तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथे त्याच रात्री सिझेरियन झाले आणि बाळाला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले, तरी दोघेही वाचले. तिची आई मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होती की, सूज पायाला होती, मग दंडाला पट्टा कशाला बांधला?

त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कामाच्या पद्धतीत आहे. सूज दाखवायला आलेल्या बाईचे पाय मी सर्वांत शेवटी पाहते. आधी चेहरा, मग हाताची बोटे, मग रक्तदाब, मग लघवी. पाय दाखवण्यासाठी साडी वर धरून उभी असलेली बाई यावर वैतागते, पण माझा क्रम बदलत नाही. उन्हातून चालत आलेल्या बाईचा रक्तदाब लगेच मोजू नये, तिला थोडा वेळ बसू द्यावे. घरच्यांसाठी माझा आग्रह एवढाच की, माहेरी निघताना साडीच्या आधी फाइल पिशवीत ठेवावी. फाइल नसली तरी तपासणी अडत नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. वर सांगितलेली लक्षणे दिसल्यास मात्र नऊ तारखेचीच काय, सकाळ उजाडण्याचीही वाट पाहू नये आणि लगेच १०८ ला फोन करावा.

मालिशवाल्या बाईंबद्दल मला आदर आहे, तरी एकाच पायाची सूज दिसली की त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवावी. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि पायाच्या खोल शिरेत, विशेषतः डाव्या पायात, गुठळी होऊ शकते. तो पाय दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जाड दिसतो, पोटरी किंवा मांडी दुखते आणि कातडी गरम किंवा लालसर होते. रावेरकडच्या केळीच्या पट्ट्यातून आलेल्या एका सुनेचा असा पाय घरात रोज सकाळ-संध्याकाळ गरम तेलाने रगडला जात होता आणि दुखणे वाढले तसा रगडण्याचा जोरही वाढवला होता. शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत मांडीपर्यंतची गुठळी दिसली आणि तिला रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनची इंजेक्शने पुढे बाळंतपणानंतरही काही आठवडे घ्यावी लागली. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर श्वास कोंडून माणूस जागच्या जागी दगावू शकतो. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर घोट्याकडून गुडघ्याकडे हलक्या हाताने तेल लावायला माझी हरकत नाही. पण ज्यांना जोर लावल्याशिवाय मालिश झाल्यासारखे वाटत नाही, त्यांना मी तेवढेही सांगत नाही.

मेडिकलमधून ‘सुजेची गोळी’ मागून आणणे ही घाईवाल्यांची आवडती पळवाट आहे. त्या नावाने मिळते ती बहुधा मुका मार लागल्यावर घ्यायची डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी असते आणि पायात साचलेल्या पाण्यावर तिचा काही उपयोग नसतो. उलट विसाव्या आठवड्यानंतर अशा गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर बंद होणारी रक्तवाहिनी आधीच आकसू शकते. दुसरी पळवाट म्हणजे लघवी वाढवणारी गोळी. तिने पाय उतरलेले दिसतात, म्हणून ती आणणाऱ्याला शहाणपण केल्यासारखे वाटते. पण ती रक्तातलेच पाणी कमी करते आणि बाळाला वारेतून जाणाऱ्या रक्तावर त्याचा परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांनी वेगळ्या कारणासाठी लिहून दिल्याशिवाय ती घेऊ नये. शेजारणीने सांगितलेल्या काढ्यांनाही हाच नियम लावावा.

पाणी कमी पिण्याचा सल्ला तर मला समजूच शकत नाही. अंगात पाणी जास्त झाले म्हणून सूज आली, तेव्हा पिणे बंद करा, असा हा साधा आणि चुकीचा हिशेब आहे. खान्देशच्या उन्हाळ्यात दिवसभर दोन-तीन पेल्यांवर राहिलेली गरोदर बाई चक्कर येऊन पडते, तिला लघवीची जळजळ सुरू होते आणि कधीकधी पोट कडक होऊन अवेळी कळा आल्यासारखे वाटू लागते. तहान लागेल तेवढे आणि लघवी फिकट राहील इतके पाणी प्यावे.

मीठ पूर्ण सोडण्याचीही गरज नाही. कळण्याच्या भाकरीसोबत चिमूटभर ठेचा चालेल. उडदाचे पापड, बिबडे, लोणचे आणि शेव यांचा रोजचा मारा मात्र थांबवावा.

पाय वर घेतानाही एक चूक हमखास होते. आठव्या-नवव्या महिन्यात उताणे पडून पाय भिंतीला लावले, तर गर्भाशयाचे वजन त्याच मोठ्या शिरेवर येते आणि घाम फुटून घेरी येऊ शकते. डाव्या कुशीवर वळून झोपावे आणि घोट्यापासून पोटरीपर्यंत आधार मिळेल अशा उशा किंवा घडी घातलेली गोधडी पायांखाली घ्यावी. दुपारी तासभर तरी असे पडू द्या, हे मी बाईला नव्हे, तिच्या सासूला सांगते, कारण परवानगी तिथून मिळते. पापड-कुरडयांच्या दिवसांत मांडी घालून तासन्‌तास लाटत बसणे आणि कापूस वेचताना दिवसभर उभे राहणे, दोन्ही सारखेच वाईट. लांबच्या प्रवासात पाय लोंबकळत ठेवून झोपू नये. पंजे खाली-वर हलवत राहावे आणि गाडी थांबेल तिथे उतरून चालावे.

पायात घालायचे घट्ट मोजे डॉक्टरांनी सांगितले असतील, तर ते सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवावेत. सूज आल्यावर ओढूनताणून घातलेल्या मोज्याची वळी गुडघ्याखाली रुतते. क्रेप बँडेज स्वतःच्या मनाने गुंडाळू नये.

कढत पाण्यात पाय बुडवू नयेत, त्याने रक्तवाहिन्या आणखी फुगतात. साधे गार पाणी पुरते.

जोडवी सातव्या महिन्यातच काढून ठेवावीत. सवाष्णीचा पाय उघडा कसा ठेवायचा, हा वाद मी कित्येक घरांत ऐकला आहे आणि बोट निळे पडल्यावर तेच घर कटर शोधत फिरते.

सुजेसोबत ओठ व नखे पांढुरकी दिसत असतील आणि दोन पावलांत दम लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासावे, कारण तीव्र रक्तक्षयातही अंगावर सूज येते. नंदुरबार आणि धुळ्याच्या आदिवासी भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, त्यामुळे तिथे ती तपासणीही राहून जाऊ देऊ नये. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये. एक सकाळी तर दुसरी संध्याकाळी घ्यावी.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः सलाईन लावले असल्यास, पाय आधीपेक्षा जास्त सुजू शकतात आणि साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतात. मात्र प्री-एक्लॅम्प्सिया बाळ झाल्यावर सहा आठवड्यांपर्यंत कधीही डोके वर काढू शकतो. बाळंतिणीचे डोके फुटल्यासारखे दुखत असेल, तर कानाला बांधलेला रुमाल आणखी घट्ट करण्याऐवजी तिचा रक्तदाब मोजून घ्यावा आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.