अंडी फोडण्याआधी: सोडा, बेकिंग पावडर आणि यीस्ट चांगलं आहे का, हे कसं तपासावं

केक फुलला नाही की संशय आधी ओव्हनवर जातो, मग मापांवर. मीही एकदा दोनदोनदा ओव्हनचं तापमान बघत बसले होते. दोष निघाला बेकिंग पावडरच्या डब्यात. झाकण नीट लागलेलं नव्हतं आणि तळाशी गुठळ्या झाल्या होत्या. तेव्हापासून लोणी-साखर फेटायला घेण्याआधी मी तपासणी उरकून घेते. अर्धा चमचा पावडर गेली तर चालेल, पण अख्खं मिश्रण वाया गेलं की जीव हळहळतो.

बेकिंग सोडा

याची परीक्षा सगळ्यात सोपी. कोरड्या वाटीत पाव चमचा सोडा घ्या आणि त्यावर दोन चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला आंबट काही मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून चांगला सोडा थेंब पडताक्षणी जोरात फसफसतो. नुसते चार बुडबुडे आले तर तो केकमध्ये घालू नका, सिंक घासायला ठेवा. सोडा तसा बराच टिकतो. मात्र तो आजूबाजूचे वास ओढून घेतो, त्यामुळे फसफसला तरी एकदा हुंगून बघा.

बेकिंग पावडर

इथे व्हिनेगर वापरू नका. बरेच जण वापरतात आणि फसतात.

बेकिंग पावडरमध्ये सोडा असतो, त्याच्या जोडीला कोरडं आम्ल असतं आणि दोघांना कोरडं ठेवण्यासाठी कॉर्नस्टार्च. डब्यात दमट हवा शिरली की सोडा आणि आम्ल आतल्या आतच एकमेकांवर काम करू लागतात आणि वायू डब्यातच सुटून जातो. अशा पावडरीवर व्हिनेगर ओतलं तर उरलासुरला सोडा बाहेरच्या आंबटावर फसफसेल आणि पावडर चांगली आहे असं वाटेल. आपल्याला बघायचं असतं ते तिचं स्वतःचं आम्ल शिल्लक आहे का. म्हणून फक्त पाणी घ्यायचं, आणि तेही गरम.

आधी वाटीत अर्धा चमचा पावडर टाका, मग वरून पाव कप गरम पाणी ओता. ढवळू नका, कारण ढवळल्यानेही बुडबुडे येतात आणि अंदाज चुकतो. पावडर ताजी असेल तर पाणी पडताच बारीक पांढरा फेस वाटीभर उसळतो. कान जवळ नेला तर सूं-सूं असा बारीक आवाजही येतो. जुनी पावडर मात्र पाणी गढूळ करून तळाशी बसते, फार तर कडेला थोडे बुडबुडे दिसतात. पाणी गरम हवं, कारण बऱ्याच पावडरींमध्ये दोन आम्लं असतात. एक ओलं होताच कामाला लागतं, दुसऱ्याला उष्णता लागते.

अर्धवट फेस आला तर? मी तरी ती टाकून देते. दुप्पट घालून भरपाई करण्याचा मोह होतो, पण किती जोर उरलाय हे कळत नाही आणि चव बिघडते ती वेगळीच. घरात क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती कोरडी आंबट पावडर) असेल तर पाव चमचा ताजा सोडा आणि अर्धा चमचा क्रीम ऑफ टार्टर मिसळा. साधारण एक चमचा बेकिंग पावडरचं काम होतं. फक्त असं मिश्रण ओलं झालं की लगेच भाजायला ठेवा.

कोरडं यीस्ट

यीस्ट हा जीव आहे, त्यामुळे इथे थोडी वाट बघावी लागते. पाव कप कोमट पाण्यात अर्धा चमचा साखर विरघळवा आणि वर एक चमचा यीस्ट भुरभुरवा. पाणी साधारण 40 अंश सेल्सिअस असावं, म्हणजे बोट बुडवलं तर उबदार वाटेल, चटका बसणार नाही. 60 अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. म्हणून परीक्षा फसली तर पाकीट टाकण्याआधी स्वतःला विचारा, पाणी फार गरम तर नव्हतं ना? शंका असेल तर पुन्हा एकदा करून बघा.

दहा मिनिटांत वर मलईच्या रंगाचा जाड फेस यायला हवा आणि आंबवलेल्या पिठासारखा वास सुटायला हवा. यीस्ट नुसतं तपकिरी होऊन तळाशी बसलं असेल तर त्यात पीठ मळू नका. परीक्षेत पास झालेलं पाणी ओतून देऊ नका. ते तसंच पिठात घाला आणि कृतीतलं पाणी पाव कपाने कमी करा. इन्स्टंट यीस्ट एरवी थेट पिठात मिसळतात, पण पाकीट जुनं असेल तर त्याचीही अशीच परीक्षा घ्या.

तिन्ही वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि चमचा नेहमी कोरडा वापरा. सोडा आणि पावडर गॅसपासून लांब असावी, कारण तिथे वाफ असते. उघडलेलं कोरडं यीस्ट फ्रिजमध्ये ठेवा. डबा उघडलात त्या दिवसाची तारीख झाकणावर लिहा. बेकिंग पावडरला सहा महिने उलटले की दर वेळी गरम पाण्याची परीक्षा घेऊनच ती वापरा.