स्कॉटलंड स्वतः गाडी चालवत कसं फिरायचं, आणि त्या एकपदरी रस्त्यांवर काय करायचं

स्कॉटलंडला जायचं ठरलं की ओळखीतलं कुणीतरी पाच दिवसांचा प्लॅन पाठवतंच, एडिंबरा, लॉख नेस, स्काय, सगळं त्यात कोंबलेलं असतं. तो बाजूला ठेवा. मी चारदा जाऊन आलेय, दोनदा आईबाबांना घेऊन, आणि माझं ठाम मत आहे की नऊ रात्री हव्यातच, तेवढी रजा नसेल तर एक बेट गाळा पण बाकीच्या ठिकाणांचे दिवस कापू नका. माझी वाटणी अशी: एडिंबरा २, आयल ऑफ मल २, फोर्ट विल्यम १, स्काय ३, इन्व्हरनेस १.

व्हिसा, रेनकोट वगैरे तुम्ही बघालच. जा मात्र मे किंवा सप्टेंबरमध्ये, कारण ऐन उन्हाळ्यात डोंगराळ भागात मिज नावाची बारीक चिलटं उभं राहू देत नाहीत आणि ऑगस्टमध्ये फेस्टिव्हलमुळे एडिंबरातल्या हॉटेलांचे भाव हाताबाहेर जातात.

एडिंबरात गाडी घेऊ नका. किल्ला, रॉयल माइल, होलीरूड पॅलेस सगळं पायी होतं, आर्थर्स सीटची टेकडी फक्त २५१ मीटर आहे. किल्ल्यावर रविवार सोडून रोज दुपारी एकला तोफ उडते, ती गाठा. गाडी तिसऱ्या दिवशी सकाळी शहर सोडताना घ्या, लहान आणि ऑटोमॅटिक, आणि ती आधीच बुक करा. आपलं लायसन्स तिथे १२ महिने चालतं आणि गाडी डावीकडूनच चालवायची असते, त्यामुळे हायवेला काही त्रास नाही. वाटेत स्टर्लिंगचा किल्ला बघा, इंग्रजांविरुद्धच्या दोन मोठ्या लढाया, १२९७ची स्कॉटिश सरदार वॉलेसची आणि १३१४ची बॅनकबर्नची, दोन्ही त्याच्या आसपासच झाल्या, वर तटावर उभं राहिलं की तो किल्ला हातात असणं का महत्त्वाचं होतं ते आपोआप कळतं.

फेरी दोन, मलला जायला ओबान ते क्रेगन्युअर आणि स्कायला जायला मॅलेग ते आर्माडेल. गाडीसकट जागा तारखा ठरल्या त्याच दिवशी बुक करा. वाऱ्यामुळे दुसरी रद्द झाली तर घाबरायचं कारण नाही, स्कायला १९९५पासून पूल आहे आणि २००४पासून टोलही नाही.

आता एकपदरी रस्ते. यावर मी भरपूर लिहिणार आहे, कारण बाकी सगळे "हळू चालवा" एवढंच सांगून मोकळे होतात आणि त्याचा काही उपयोग नसतो. मलवर आणि स्कायच्या बऱ्याच भागात रस्ता एकाच गाडीपुरता असतो, पण वाहतूक दोन्ही बाजूंनी. थोड्या थोड्या अंतरावर कडेला रस्ता जरा रुंद करून एक फुगवटा ठेवलेला असतो, ती पासिंग प्लेस, खांबावर पांढरी पाटी असते.

पहिल्या वेळी मलवर क्रेगन्युअरहून दुसऱ्या टोकाच्या फिओनफोर्टला जाताना समोरून गाडी आली, माझ्या उजव्या हाताला पासिंग प्लेस मोकळी दिसली आणि मी सरळ तिच्यात घुसले. समोरच्याच्या दृष्टीने ती त्याच्या डाव्या हाताची जागा, तो आधीच तिकडे वळत होता. दोन्ही बंपर हातभर अंतरावर थांबले. मग मी घाईघाईत रिव्हर्स घेतला आणि मागचं डावं चाक डांबरावरून खाली गेलं. ती कड वरून हिरवीगार गवताची दिसते, खाली सगळं भिजलेलं पीट, म्हणजे चिखलच. चाक अर्धं आत. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली तोवर दीड तास गेला होता आणि तिथून सुटणारी आयोना बेटाची बोट चुकली होती, बाबा मागे काही न बोलता बसून होते ते मला अजून आठवतं.

म्हणून हे पाठ करा. जागा डावीकडे असेल तर आत जा. उजवीकडे असेल तर आपल्याच बाजूला, तिच्या समोर थांबा, समोरचा तुम्हाला वळसा घालून त्या फुगवट्यातून जाईल. उजवीकडे ओलांडून कधीही घुसायचं नाही, जागा कितीही मोकळी दिसो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे घाटात गाडी चालवलेल्याला सांगायला नको.

दुसरं, नजर बॉनेटवर नाही तर पुढच्या पाटीवर ठेवा. समोरची गाडी लांब दिसली की लगेच ठरवायचं, मधल्या जागेपाशी आधी कोण पोचतंय, आणि आपण पोचत असू तर तिथेच थांबायचं. "अजून एक जागा पुढे काढू" हा मोह झाला की रिव्हर्स आलाच.

तिसरं, आणि यात आपली माणसं हमखास फसतात. आपल्याकडे समोरच्याने अप्पर मारला म्हणजे "मी येतोय, बाजूला हो". तिथे एकपदरी रस्त्यावर थांबलेल्या गाडीने लाइट मारला तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा "तू ये, मी थांबलोय". तुम्हीही थांबून राहिलात तर दोघं एकमेकांकडे बघत बसाल. बघून घ्या, निघा, आणि शेजारून जाताना हात वर करा, तिथे सगळेच करतात. हॉर्नला हात लावू नका.

मागे गाडी चिकटली असेल तर तो तिथला कामावर निघालेला माणूस आहे, पुढच्या डाव्या जागेत शिरा आणि त्याला जाऊ द्या. पासिंग प्लेसमध्ये फोटोसाठी गाडी लावणं मला अजिबात मान्य नाही, तेवढ्यात दोन्हीकडे रांगा लागतात. आणि रिव्हर्सची प्रॅक्टिस हॉटेलच्या पार्किंगमध्ये आधीच करून घ्या, रस्त्यावर मागून दिशा एकानेच सांगायची, चौघांनी नाही.

गूगल दाखवेल त्याच्या दीडपट वेळ धरा. क्रेगन्युअर ते फिओनफोर्ट साठेक किलोमीटर आहे, मी दीड तास धरते, कारण मेंढ्या रस्त्यातच बसलेल्या असतात आणि उठायची घाई त्यांना नसते.

फिओनफोर्टला गाडी लावून दहा मिनिटांच्या बोटीने आयोना, पर्यटकांच्या गाड्या तिकडे नेऊ देत नाहीत. ५६३ साली आयर्लंडचा ख्रिस्ती संत कोलंबा इथे आला. त्याच दिवशी समुद्र शांत असेल तर स्टाफा बेटाची बोट घ्याच. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिलाय ना, तसेच बेसॉल्टचे खांब, पण समुद्रातून सरळ वर आलेले, आणि तिथल्या फिंगल्स केव्ह या गुहेत लाट शिरली की आवाज पायाखालच्या दगडातून आधी जाणवतो आणि मग कानाला ऐकू येतो. मेमध्ये पफिन हे समुद्रपक्षीही दिसतात.

परत ओबानहून ग्लेन्को. १६९२मध्ये पाहुणे म्हणून राहिलेल्या सैनिकांनी इथे यजमानांनाच मारलं, ते माहीत असलं की ती दरी वेगळी दिसते. फोर्ट विल्यमहून मॅलेगच्या वाटेवर ग्लेनफिनन, २१ कमानींचा रेल्वे पूल. स्कायला ओल्ड मॅन ऑफ स्टॉरचा सुळका आणि क्विराइंगचे कडे सकाळी आठच्या आत, नंतर पार्किंग मिळत नाही. पेट्रोल पोर्ट्री किंवा ब्रॉडफर्डला भरून घ्या.

निघताना पुलावरून आयलीन डोनन किल्ला, लॉख नेस, इन्व्हरनेस, आणि कलोडनला दोन तास. १६ एप्रिल १७४६ला इथे सरकारी फौजेने जॅकोबाइट बंडखोरांना हरवलं, मैदानात क्लॅन म्हणजे कुळांच्या नावाचे साधे दगड आहेत. तिथून एडिंबराला ए९ हायवे, त्यावर सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, म्हणजे कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे सुसाट हे चालत नाही, आणि दंडाचं पत्र गाडी भाड्याने देणाऱ्याकडून तुमच्या नावावर येतं.