इन्सुलिनच्या पेशंटसाठी अ‍ॅप करायला बसण्याआधी

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या मधुमेह ओपीडीत डॉक्टरांना एका पेशंटमागे जेमतेम चार-पाच मिनिटं मिळतात, आणि इन्सुलिन तर घरी जाऊन स्वतःच टोचायचं असतं. तेव्हा कोडला हात लावण्याआधी एक वाक्य कागदावर लिहा: अ‍ॅप पाहिल्यावर पेशंटला घरी नेमकं काय जमलं पाहिजे? ‘मधुमेहाची माहिती मिळेल’ असं लिहिलं असेल तर खोडा. ‘बरोबर सिरिंजमध्ये बरोबर युनिट भरता येतील’ असं लिहिलं तर पुढचं सगळं सोपं होतं.

सिरिंजचं उदाहरण मुद्दाम घेतलं. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिटचं असतं, पण १०० युनिटचंही मिळतं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात २० ऐवजी ५० युनिट जातात. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग यांचे जवळून काढलेले फोटो आधी जमवा, तेही औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या खऱ्या वस्तूंचे. इंटरनेटवरची चित्रं इथे नकोत. परदेशातल्या चित्रांत ४० ची सिरिंज बहुधा नसतेच.

शुगर ७० च्या खाली गेली तर काय करायचं, हा पडदा (स्क्रीन) पहिल्याच पानावरून एका टचमध्ये उघडला पाहिजे: शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन छोटे चमचे, पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही न घालता थेट १०८ ला फोन. प्रत्येक पडदा डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि खाली तपासल्याची तारीख टाका. डोस किती वाढवायचा हे अ‍ॅपने सांगायचं नाही. ते सांगू लागलं की अ‍ॅपच वैद्यकीय उपकरण ठरतं का, हा वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याआधी पेशंटच्या जिवाचा.

पुण्याच्या ससून रुग्णालयात भोर, दौंड, शिरूरकडूनही माणसं येतात. आजींचा फोन बऱ्याचदा मुलाचा असतो आणि मुलगा चाकणला सेकंड शिफ्टला. त्यामुळे लॉगिनची सक्ती नको, मजकूर नेटशिवाय चालायला हवा, आणि प्रत्येक पानाला आवाज हवा. आवाज माणसाचाच घ्या, शक्यतो वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरचा. ‘उपाशीपोटी’ आणि ‘जेवणाआधी अर्धा तास’ यातला फरक त्यांच्या तोंडून नीट पोचतो. अक्षरं मोठी ठेवा, जोडाक्षरं बटणात कापली जात नाहीत ना हे स्वस्तातल्या फोनवर बघा. ल आणि श मराठी वळणाचे दिसावेत म्हणून भाषेच्या सेटिंगमध्ये मराठीच निवडा.

अ‍ॅपची चाचणी ओपीडीबाहेरच्या बाकावर घ्या, दवाखान्याची परवानगी घेऊन. ‘कळलं का?’ विचारू नका, सगळे मान डोलावतात. ‘आता सूनबाईंना कसं सांगाल, मला करून दाखवा’ असं म्हणा आणि गप्प राहा. हात कुठे अडतो तिथे पडदा चुकलाय असं समजा. माझ्या मते सगळ्या तयारीत ही पायरी कधीच गाळू नये.

शुगरच्या नोंदी साठवणार असाल तर संमतीचा मजकूर मराठीत तयार ठेवा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्याय द्यायचाच आहे. गरज नसेल तर साठवूच नका.

प्ले स्टोअरवर तुमचं नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ती नावं आत्ताच ठरवा, आणि त्यात निम्मे तरी पन्नाशीपुढचे, रोज इन्सुलिन घेणारे असू द्या.