डेबियनमधलं पॅकेज जुनं पडलंय? वाद न चिघळवता ते मार्गी कसं लावायचं

२०१६ साली डेबियन ही लिनक्स प्रणाली वापरणाऱ्या अनेकांच्या पडद्यावर अचानक एक इशारा दिसू लागला: ही आवृत्ती फार जुनी झाली आहे, नवी घ्या. एक्सस्क्रीनसेव्हर या स्क्रीनसेव्हर प्रोग्रामचे मूळ लेखक जेमी झविन्स्की यांनीच तो कोडमध्ये घालून ठेवला होता. कधीच दुरुस्त केलेल्या चुकांच्या तक्रारी त्यांच्याकडे येत राहायच्या, कारण डेबियनच्या स्थिर आवृत्तीत जुनंच पॅकेज, म्हणजे डेबियनने बांधून दिलेली त्या सॉफ्टवेअरची जुनी प्रत, होतं. नवं देणार नसाल तर माझं सॉफ्टवेअर काढूनच टाका, असं त्यांनी कळवलं. पण स्थिर आवृत्ती मध्येच बदलायची नाही, हा डेबियनचा वापरकर्त्यांना दिलेला शब्द. मला दोघांचंही पटतं. म्हणूनच असा वाद आवाज चढवून सुटत नाही, रीतीने जावं लागतं.

आधी पॅकेज खरंच जुनं आहे का ते बघा. टर्मिनलमध्ये ‘ॲप्ट पॉलिसी’ (apt policy) आणि पुढे पॅकेजचं नाव लिहिलं की आवृत्ती दिसते. तिच्या शेपटाला ‘+डेब१२यू१’ (+deb12u1) असं काही असेल, तर आकडा जुना असला तरी नंतरची दुरुस्ती आत आलेली आहे. स्थिर आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या बहुतेक वेळा अशाच, मूळ आकडा न बदलता येतात. नवी सोयच हवी असेल तर बॅकपोर्ट्समध्ये, म्हणजे स्थिर आवृत्तीसाठी वेगळ्या ठेवलेल्या नव्या पॅकेजांत, शोधा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

‘सिड’मध्येही, म्हणजे जिथे नवं सगळं आधी येतं तिथेही, पॅकेज मागे असेल तर डेबियनच्या पॅकेज ट्रॅकर या संकेतस्थळावर त्याचं पान उघडा. कोणी आधीच बग (चुकीची किंवा मागणीची नोंद) नोंदवलाय का, मेंटेनरने, म्हणजे ते पॅकेज सांभाळणाऱ्याने, काय उत्तर दिलंय, हे वाचा. एखादी लागणारी लायब्ररी डेबियनमध्ये नसते, कधी परवान्याची अडचण असते. शिवाय नवी आवृत्ती जाहीर होण्याआधी काही महिने फ्रीझ, म्हणजे नवे बदल घेणं थांबवण्याचा काळ, असतो. त्या काळात मेंटेनर थांबला, तर तो नियमच पाळतोय.

बग नसेल तर ‘रिपोर्टबग’ या प्रोग्रामने नोंदवा, तीव्रता ‘विशलिस्ट’ (म्हणजे फक्त इच्छा) ठेवा. मजकुरावर वेळ घालवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. ‘किती वर्षं झोपलात?’ असं लिहिलंत, तर फुकट राबणारा माणूस पान मिटून टाकेल. त्याऐवजी लिहा: ‘नव्या आवृत्तीत फाइल उघडताना होणारा क्रॅश दुरुस्त झालाय. मी ती सिडवर बिल्ड करून पाहिली, डेबियनचा एक जुना पॅच (कोडमधला बदल) तिला लागू होत नाही, तो बदलून सोबत देतोय.’ जमलं तर साल्सावर, म्हणजे डेबियनचा कोड जिथे ठेवतात तिथे, मर्ज रिक्वेस्टही (बदल सामील करून घेण्याची विनंती) टाका. डेबियनच्या घटनेतच लिहिलंय की प्रकल्पासाठी काम करण्याचं बंधन कोणावरही नाही. म्हणून मागणीला हात जोडण्यापेक्षा हातभार जोडावा.

तरीही उत्तर नाही? गंभीर बग असेल तर दुसरा डेव्हलपर एनएमयू, म्हणजे मेंटेनर नसताना केलेलं अपलोड, करू शकतो. आवृत्तीच्या शेवटी ‘-३’ नंतर ‘-३.१’ दिसलं की ओळखावं, हे मेंटेनरशिवाय कोणीतरी केलंय. पण एनएमयू मोजक्या दुरुस्त्यांसाठी असतं. पॅकेजच बेवारस वाटत असेल, तर ‘इंटेंट टू सॅल्व्हेज’चा (पॅकेज हाती घेण्याच्या इराद्याचा) बग नोंदवा: दुर्लक्षाचे पुरावे द्या, पुढे सांभाळायची तयारी सांगा. मग २१ दिवस थांबा. मेंटेनरने हरकत घेतली की विषय तिथेच थांबतो. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण आजारपणातून परतलेल्या माणसाचं काम त्याच्या पाठीमागे कोणी नेत नाही. हरकत आली नाही तर किमान ७ दिवसांच्या विलंबाने अपलोड होतं. तुम्ही डेव्हलपर नसाल तर त्यासाठी स्पॉन्सर, म्हणजे तुमच्या वतीने अपलोड करणारा डेव्हलपर, लागेल. माणूसच गायब वाटत असेल तर एमआयए गटाला, म्हणजे बेपत्ता मेंटेनरांची चौकशी करणाऱ्यांना, कळवा.

मेंटेनर हजर आहे, पण ठाम नकार देतोय, आणि खुली चर्चाही अडली? मग तांत्रिक समिती. डेव्हलपरचा निर्णय फिरवायला तिथे ३ विरुद्ध १ इतकं बहुमत लागतं. अगदी शेवटीच जा. समिती निर्णय बदलेल, पण पॅकेज कोणाला बांधायला लावू शकणार नाही.

पॅकेज तुमच्याकडे आलं, तर पहिल्याच आठवड्यात मूळ लेखकाला दोन ओळी लिहा: स्थिर आवृत्तीत कोणता आकडा राहणार आहे, आणि त्यावरच्या तक्रारी त्यांच्याकडे न येता तुमच्याकडे कशा वळवायच्या.