द्राक्षबागेतला सेन्सर: सी कुठे, पायथॉन कुठे

पिंपळगाव बसवंतला काकांच्या बागेत रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला डीएचटी२२ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर जोडला होता, प्रोग्राम पायथॉनमध्ये. आकडे मध्येच गायब व्हायचे, चेकसम (आकडे नीट पोचले का हे तपासणारी बेरीज) जुळायचा नाही. वायर बदलली, फरक शून्य.

दोष वेळेचा होता. हा सेन्सर एका वाचनात ४० बिट पाठवतो. सिग्नल २६ ते २८ मायक्रोसेकंद वर राहिला तर शून्य, ७० राहिला तर एक. पायवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते, ती एकाच वेळी बरीच कामं सांभाळते. ऐन वाचनात तिने प्रोसेसर दुसऱ्या कामाला दिला, की बिट हुकलाच. पायथॉनचा इंटरप्रिटर (प्रोग्राम चालवणारा भाग) आधीच संथ, त्यात ही भर. (पायथॉनऐवजी सी ही वेगवान भाषा वापरूनही पायवर ही अडचण पुरती जात नाही, कारण लिनक्स तेच.)

म्हणून सेन्सर आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर हलवला. २ केबी रॅम, पण ऑपरेटिंग सिस्टिमच नाही, त्यामुळे मध्ये लुडबुड करणारं कुणी नाही. तिथे सीप्लसप्लसमधला (सीवरूनच वाढवलेली भाषा) छोटा प्रोग्राम फक्त वाचतो आणि यूएसबीवरून दर मिनिटाला तापमान आणि आर्द्रतेची एक ओळ पाठवतो:

१०.४,८८.२

पुढचं सगळं पायवर पायथॉनमध्येच ठेवलं: सीएसव्ही फाइलीत (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे) नोंद, आलेख, पारा घसरला की मोबाइलवर मेसेज. इथे अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तर बिघडतं काय? उलट काकांच्या फर्माइशी थांबत नाहीत. "डावणी रोगासाठी आर्द्रतेचाही इशारा दे रे," म्हणाले, तेव्हा दोन ओळी वाढवल्या. बोर्डला हातही लावला नाही.

आता चेकसमची तक्रार नाही. काकांना आलेख मोठ्या अक्षरांत हवाय.