इम्प्लांटची तारीख घेण्याआधी चवथ बघा

दाताचं इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात स्क्रू आणि त्यावर नवा दात, बसवून घ्यायचं असेल तर दंतवैद्याला फोन करण्याआधी कालनिर्णय खाली काढा आणि चवथ, म्हणजे आपली गणेशचतुर्थी, कधी आहे ते बघा. हसू नका. मी तारीख घेतली ऑगस्टच्या सुरुवातीची, आणि चवथ आली नेमकी तिसऱ्या आठवड्यात. टाके निघालेले, सूज उतरलेली, दुखणं शून्य, आणि समोर डबाभर नेवऱ्या, म्हणजे कडक तळलेल्या करंज्या. तोंड बरं झालं असं वाटतं तेव्हाच आतलं हाड सगळ्यात कच्चं असतं, हे मला तोवर कुणी नीट सांगितलं नव्हतं.

स्क्रू बसवतात त्या दिवशी तो जुन्या हाडाच्या पकडीवर घट्ट असतो. मग ड्रिलनं दुखावलेलं हाड शरीर हळूहळू काढून टाकतं आणि तिथं नवं घालायला घेतं. जुनी कौलं उतरवलीत, नवी अजून चढायचीत, अशी मधली अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येते. या काळात स्क्रू मिलिमीटरच्या दशांशापेक्षा थोडा जास्त जरी वारंवार हलत राहिला, तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतूंचा मऊ थर धरू शकतो, आणि मग स्क्रू काढावा लागतो. म्हणून हे आठवडे लाल पेनानं खुणावून ठेवा. नंतरही घाई नाही. हाडानं स्क्रू पक्का धरायला खालच्या जबड्याला साधारण तीन महिने लागतात, वरच्याला चार ते सहा, कारण वरचं हाड पोकळसर. हाडाची भर घातली असेल तर आणखी. बोटीवर नोकरी असेल तर कॉन्ट्रॅक्टची तारीख दंतवैद्याला आधीच सांगा, नाहीतर स्क्रूवर दात बसवायच्या वेळी तुम्ही भर समुद्रात असाल.

स्कॅन दंतवैद्य करून घेतीलच. तुम्ही औषधांची यादी लिहा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. माझी आई ठिसूळ हाडांसाठीची गोळी आठवड्यातून एकदाच घेते, म्हणून ती तिला औषधात मोजतच नाही. नेमकी हीच गोळी सांगणं महत्त्वाचं, कारण तिच्यामुळे जबड्याचं हाड भरून यायला अडचण येऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंद करू नका, ती देणारे डॉक्टर आणि दंतवैद्य, दोघांनाही विचारा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या. सिगारेट आणि मशेरी निदान आठवडाभर आधी आणि दोन महिने नंतर बंद. यात वाटाघाटी नाहीत.

स्वयंपाकघराची तयारी सोपी, आपल्याकडे आजाऱ्याचं जेवण आयतंच आहे. उकड्या तांदळाची पेज, पण निवलेली आणि पहिले दोन-तीन दिवस शितं गाळून. नाचणीची तिझान (पातळ खीर), मऊ मुगाचं वरण, अंडं. मासे हवेतच, पण तारले-बांगडे काट्यांपायी बाजूला. इसवणाची (सुरमईची) फोड घ्या, मिरची कमी. कडक उंडो (गोव्याचा पाव) नको. शहाळं चालतं, पण स्ट्रॉ नको, कारण ओढ बसली की जखमेतली गुठळी निघते. पाणी पेल्यात ओतून घ्या. उर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, हंगाम असला तर तो यंदा दुसऱ्यांसाठी.

बर्फ आदल्या रात्रीच तयार ठेवा. पावसाळ्यात लाईट गेली तर फ्रीजचा भरवसा नाही, मी थर्मासमध्ये भरून ठेवला होता. पहिले एक-दोन दिवस कापडात गुंडाळून गालावर दहा-पंधरा मिनिटं लावायचा, तेवढाच वेळ काढून ठेवायचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, तेव्हा घाबरू नका. उशी एक जास्त. मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ दुसऱ्या दिवसापासून, तीही न खळखळवता, तोंडातून नुसती सांडू द्यायची. वरची मागची दाढ असेल तर दोन आठवडे नाक शिंकरू नका आणि शिंक तोंड उघडून द्या, कारण सायनस, म्हणजे नाकाशेजारची हाडातली पोकळी, तिथून बोटभर अंतरावरसुद्धा नाही.

घरी आणायला कुणी तरी हवं. मी बांबोळीहून फोंड्याला भाच्याच्या गाडीतून आले, आणि ओठ बधिर असताना बडबडत राहिले, त्यानं ते रेकॉर्ड केलंय. इम्प्लांटची कंपनी, जाडी, लांबी लिहिलेलं कार्ड मागून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे दुसऱ्या गावात दाखवावं लागलं तर तेच उपयोगी पडतं. फ्रीजवर दवाखान्याचा नंबर चिकटवा. चौथ्या दिवसानंतर दुखणं वाढलं, पू आला, ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही उतरला नाही किंवा स्क्रूवरची तात्पुरती टोपी हलायला लागली, तर वाट न बघता फोन करा.

आणि चवथ टळत नसेलच, तर पाऱ्या लाटायच्या आधी खोबऱ्या-गुळाचा चून आपल्यापुरता वाटीत काढून ठेवायला सांगा, तीळ न घालता. चमच्यानं, दुसऱ्या बाजूनं.