स्पॅनिश आडनावाचा माग कसा काढावा

स्पॅनिश आडनावाचा अर्थ शोधणे अवघड नाही. त्या अर्थापाशी न थांबणे अवघड आहे. 'लोपेझ' म्हणजे लोपेचा मुलगा, आणि 'लोपे' हे नाव लांडग्याच्या लॅटिन नावावरून आलेले आहे, एवढी माहिती कोणत्याही आडनावकोशात मिळते. परंतु मध्ययुगात लोपे नावाचे पुरुष गावोगाव होते आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही मुलाला लोपेझ म्हटले जाई. त्यामुळे आज हे आडनाव लावणाऱ्या कोणत्याही दोन कुटुंबांचा एकमेकांशी नातेसंबंध नसणे हीच नेहमीची गोष्ट आहे. अर्थातून भाषेचा इतिहास कळतो, कुटुंबाचा मात्र गावातल्या दप्तरांतून कळतो. म्हणून अर्थ, आकडेवारी आणि नोंदी या तिन्हींचा उपयोग एका विशिष्ट गावापर्यंत पोहोचण्यासाठी कसा करावा, हे येथे सांगितले आहे.

दोन्ही आडनावे हाती घ्या

स्पेनमध्ये प्रत्येक व्यक्तीला दोन आडनावे असतात. परंपरेने त्यांतले पहिले वडिलांचे पहिले आडनाव आणि दुसरे आईचे पहिले आडनाव असते. लग्नानंतर स्त्री आपली आडनावे बदलत नाही. १९९९ च्या कायद्याने आईचे आडनाव आधी ठेवण्याची मुभा आई-वडिलांना मिळाली, आणि ३० जून २०१७ पासून वडिलांच्या आडनावाला असलेले आपोआपचे प्राधान्यही संपले. आता नोंदणीच्या वेळी क्रम कोणता, हे पालकांनाच सांगावे लागते. कोलंबियाचे लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांचे पितृकुलाचे आडनाव गार्सिया आहे, मार्केझ हे त्यांच्या आईचे. नुसते 'मार्केझ' म्हणून शोध सुरू करणारा माणूस नकळत त्यांच्या आजोळाकडे वळलेला असतो.

शोधकर्त्याच्या दृष्टीने या पद्धतीइतकी उपकारक गोष्ट दुसरी नाही. एक आडनाव लाखोंचे असले तरी दोन आडनावांची जोडी बरीच कमी लोकांची असते, आणि त्या जोडीतले जे आडनाव दुर्मीळ असेल तेच बहुधा गावाचा पत्ता देते. म्हणून गार्सिया, गोन्झालेझ किंवा पेरेझ हे आडनाव घेऊन बसण्याऐवजी त्याच व्यक्तीचे दुसरे आडनाव, तिच्या आईचे दुसरे आडनाव, आजीची दोन्ही आडनावे अशी यादी आधी तयार करावी आणि त्यांतल्या सर्वांत कमी आढळणाऱ्या आडनावापासून सुरुवात करावी. घराण्याचे 'मुख्य' आडनाव सोडून आजीच्या आडनावामागे जाणे अनेकांना पटत नाही, परंतु वाट बहुतेक वेळा तिकडूनच सापडते.

ही शिस्त फार जुनी नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. दोन आडनावांची पद्धत कायद्याने पक्की झाली ती १८७० च्या नागरी नोंदणी कायद्यामुळे. त्याआधी सख्ख्या भावंडांची आडनावे वेगवेगळी असू शकत; कोणी आजीचे आडनाव घेई, तर कोणी वारसा देणाऱ्या मामाचे. चित्रकार दिएगो वेलाझ्केझ यांचा जन्म १५९९ मध्ये सेव्हिल येथे झाला. त्यांचे वडील खुआन रोद्रीगेझ दे सिल्वा आणि आई खेरोनिमा वेलाझ्केझ. जगाने ओळखले ते आईच्या आडनावाने. सतराव्या शतकातल्या नोंदीत बापाचे आणि मुलाचे आडनाव जुळत नाही, एवढ्यावरून ती नोंद बाजूला टाकणे म्हणूनच चुकीचे ठरते.

आडनाव कोणत्या जातकुळीचे आहे ते ठरवा

सर्वांत मोठा गट पितृनामांचा आहे. शेवटी 'एझ' येणारी बहुतेक आडनावे याच गटातली: फर्नांदोचा फर्नांदेझ, रोद्रीगोचा रोद्रीगेझ, सांचोचा सांचेझ, पेद्रोचा पेरेझ. या प्रत्ययाच्या उगमाबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही, पण त्याचे काम काय होते हे स्पष्ट आहे. 'एल सिद' म्हणून गाजलेल्या वीराचे घराणे पाहावे: लाईनचा मुलगा दिएगो लाईनेझ, दिएगोचा मुलगा रोद्रीगो दियाझ, म्हणजेच स्वतः एल सिद, आणि रोद्रीगोचा मुलगा दिएगो रोद्रीगेझ, जो १०९७ मध्ये कोन्सुएग्राच्या लढाईत मारला गेला. एकाच सरळ वंशात आजोबा, मुलगा आणि नातू यांची तीन निरनिराळी आडनावे. पुढील काही शतकांत ही नावे हळूहळू गोठून वंशपरंपरागत झाली, आणि ती कोणत्या पिढीत गोठली हे घराण्याघराण्यानुसार बदलते. काही रूपे इतकी झिजली आहेत की मूळ नाव सहज दिसत नाही: रुईझ हे रोद्रीगोच्या 'रुय' या लघुरूपावरून आले, तर ओर्तिझ हे फोर्तून या नावावरून.

दुसरा गट स्थळनामांचा. त्यात तोलेदो, मेदिना, लोर्का अशी शहरांची नावे येतात, तशीच तोर्रेस म्हणजे बुरूज, इग्लेसियास म्हणजे चर्च, फुएन्तेस म्हणजे झरे अशी सामान्य नावेही येतात. या दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे, कारण लोर्का हे मुर्सिया प्रांतातले एक ठरावीक शहर आहे, पण झरा कोणत्याही गावात असू शकतो. प्रदेशवाचक आडनावे तर उलट दिशेने वाचावी लागतात. नावार्रो म्हणजे उत्तर स्पेनमधल्या नावार्रा प्रदेशाचा माणूस. पण नावार्रामध्ये सगळेच तसे असल्याने तेथे या नावाने कोणाची ओळख पटणार नाही. ते चिकटले नावार्रा सोडून गेलेल्यांना. आज या आडनावाची दाटी व्हॅलेन्सिया, अलिकांते, मुर्सिया, अल्बासेते या पूर्व आणि आग्नेय पट्ट्यात दिसते, जेथे तेराव्या शतकात मुस्लिम सत्तांवर मिळवलेल्या ख्रिस्ती विजयांनंतर उत्तरेकडील वसाहतकरी जाऊन राहिले. गालेगो (गालिसियाचा) आणि कातालान (कॅटलोनियाचा) या आडनावांनाही हाच न्याय लावावा.

धंद्यावरून आलेली एरेरो म्हणजे लोहार आणि सापातेरो म्हणजे चांभार, किंवा रूपावरून आलेली रुबिओ (सोनेरी केसांचा), मोरेनो (सावळा), काल्वो (टकला), देल्गादो (सडपातळ) ही आडनावे समजायला सोपी असली तरी माग काढायला फारशी उपयोगाची नाहीत. लोहार आणि टकले सर्वत्र असतात.

काही आडनावे मुळात कास्तिलियन, म्हणजे ज्या भाषेला आपण स्पॅनिश म्हणतो, तिच्यातली नसतात, आणि हे ओळखता आले तर शोधाचे क्षेत्र एका फटक्यात आक्रसते. पुइग, फेर्रेर, व्हिला ही कॅटलान भाषाक्षेत्रातली. एचेवेरिया हे बास्क आहे. त्याचा अर्थ नवे घर, आणि बास्क लिपिनियमांनी लिहिल्यावर तेच 'एचेबेर्रिया' वेगळ्या अक्षरांत दिसते. शेवटी 'एझ' ऐवजी 'एस' आले, तर पोर्तुगीज मूळ तपासावे. खुद्द गार्सिया हे स्पेनमधले सर्वाधिक प्रचलित आडनावही बहुधा बास्क प्रदेशातून आलेले आहे. त्याचा संबंध कोणी अस्वलाच्या बास्क नावाशी जोडतात, तर कोणी 'तरुण' या अर्थाच्या शब्दाशी. वाद मिटलेला नाही. मध्ययुगात ते व्यक्तिनाम होते आणि पाम्प्लोनाच्या अनेक राजांनी ते धारण केले होते, एवढे निश्चित.

लेखनभेदांची यादी आताच करून ठेवावी. बी आणि व्ही यांचा उच्चार स्पॅनिशमध्ये सारखाच असल्याने लेखनिक त्यांची सर्रास अदलाबदल करीत. लॅटिन अमेरिकेत झेड आणि एस यांचाही उच्चार एकच असल्याने व्हाझ्केझचे व्हास्केझ झाले. हिमेनेझ हे आडनाव एक्स, जे आणि जी अशा तीन आद्याक्षरांनी सापडते, कारण या ध्वनीसाठी एक्स ऐवजी जे वापरण्याचा नियम स्पेनच्या भाषा अकादमीने १८१५ मध्ये केला, आणि जुनी रूपे काही घराण्यांनी सोडली नाहीत. नावाआधीचा 'दे' हा उमरावपणाचा पुरावा नव्हे. तो कधी लिहिला जाई, कधी गळे.

आकडे वाचताना

स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या, म्हणजे 'इने'च्या, संकेतस्थळावर कोणतेही आडनाव टाकून त्याची संख्या पाहता येते. देशभरात किमान २० जणांचे असलेलेच आडनाव तेथे दाखवले जाते. पहिले आडनाव म्हणून किती जण, दुसरे म्हणून किती आणि दोन्ही ठिकाणी तेच असलेले किती, असे तीन आकडे मिळतात. गार्सिया हे पहिले आडनाव म्हणून सुमारे १४ ते १५ लाख लोकांचे आहे, म्हणजे दर हजारी तीसच्या आसपास. रोद्रीगेझ, गोन्झालेझ आणि फर्नांदेझ प्रत्येकी नऊ लाखांच्या घरात आहेत. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज करू नये, कारण 'गार्सिया गार्सिया' असलेला माणूस तिच्यात दोनदा मोजला जातो.

प्रांतवार तक्ता पाहताना माद्रिद आणि बार्सिलोना जवळपास नेहमीच वर दिसतील. त्यावरून उगमाचा निष्कर्ष काढू नये. तेथे माणसेच जास्त आहेत. दर हजारी प्रमाणाकडे पाहावे, आणि राहण्याच्या प्रांतापेक्षा जन्माच्या प्रांताला अधिक महत्त्व द्यावे. १९५० आणि १९६० च्या दशकांत आंदालुसिया आणि एस्त्रेमादुरा येथून कॅटलोनियाकडे मोठे स्थलांतर झाले, त्यामुळे आजच्या पत्त्यांवरून काढलेला नकाशा मुळाकडे न नेता कारखान्यांकडे नेतो. नोंदीत परदेशातून आलेले रहिवासीही असतात. किस्पे हे अँडीज पर्वतप्रदेशातले आडनाव स्पेनच्या यादीत दिसते ते पेरू आणि बोलिव्हियातून आलेल्यांमुळे. दुर्मीळ आडनाव मात्र एखाद्या प्रांतात शेजारच्या प्रांतांच्या कित्येक पटींनी आढळले, तर तेथील धर्मप्रांताची दप्तरे उघडायला तो पुरेसा आधार असतो.

स्पेनबाहेर आकड्यांचा अर्थच बदलतो. मेक्सिकोत एर्नांदेझ सर्वाधिक प्रचलित आहे. पण तेथे असंख्य मूळ रहिवाशांना बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा जमीनमालकाचे स्पॅनिश आडनाव मिळाले होते. फिलिपिन्समध्ये गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लाव्हेरिया यांनी २१ नोव्हेंबर १८४९ च्या हुकमाने आडनावांची वर्णानुक्रमी सूचीच प्रांतोप्रांती वाटली, त्यामुळे काही गावांत बहुतेक आडनावे एकाच अक्षराने सुरू होतात. अशा ठिकाणी आडनाव स्पॅनिश असल्याने पूर्वज स्पॅनिश ठरत नाहीत. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत गार्सिया सहाव्या, रोद्रीगेझ नवव्या आणि मार्टिनेझ दहाव्या क्रमांकावर होते. हा आकडा आधुनिक स्थलांतराचा आहे, मध्ययुगीन स्पेनचा नव्हे.

विकत मिळणाऱ्या 'आडनावाच्या कुलचिन्हां'पासून दूर राहावे. कुलचिन्ह एखाद्या व्यक्तीला किंवा घराण्याला मिळत असे, आडनावाला नव्हे. सेफार्दी, म्हणजे स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या, ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारा २०१५ चा कायदा झाला तेव्हा 'ज्यू आडनावां'च्या याद्या अशाच पसरल्या होत्या. त्या कायद्याखाली नुसते आडनाव पुरेसे नव्हते, वंशाचे पुरावे द्यावे लागत.

दप्तरांत उतरताना

नागरी नोंदणी १ जानेवारी १८७१ पासून सुरू होते. जन्मदाखला मागताना 'लितेराल', म्हणजे मूळ नोंदीची संपूर्ण नक्कल, असाच मागावा, कारण त्यात आजी-आजोबांची नावे असतात आणि साध्या उताऱ्यात ती नसतात. न्याय मंत्रालयाकडे अर्ज करता येतो आणि दाखल्यासाठी शुल्क नाही.

१८७१ च्या मागे जायचे तर चर्चची पुस्तके पाहावी लागतात. कॅथोलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाह व बाप्तिस्मा यांच्या नोंदी बंधनकारक केल्या, आणि काही गावांत त्या याहूनही जुन्या आहेत. बरीच पुस्तके आता धर्मप्रांतांच्या अभिलेखागारांत आहेत. काहींच्या प्रतिमा 'फॅमिलीसर्च' या वंशावळींच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत समासात मुलाचे नाव असते आणि मजकुरात तारीख, धर्मगुरू, आई-वडील, बऱ्याचदा चारही आजी-आजोबा आणि शेवटी धर्मपालक. या मजकुरातले दोन शब्द डोळ्यांत तेल घालून वाचावेत: 'वेसिनो' म्हणजे त्या गावचा रहिवासी, आणि 'नातुराल' म्हणजे त्या गावी जन्मलेला. एखादा आजोबा एका गावचा वेसिनो आणि दुसऱ्याच गावचा नातुराल निघाला, की पुढचे पुस्तक कोणत्या गावचे उघडायचे ते कळले. लेखनिक लांब आडनावांची मधली अक्षरे गाळत, त्यामुळे फर्नांदेझ केवळ पहिल्या आणि शेवटच्या अक्षरांवर उभे दिसते. एकाच लेखनिकाची काही पाने ओळीने वाचली की हे संक्षेप उलगडू लागतात.

पूर्वज अमेरिका खंडातल्या स्पॅनिश वसाहतींत गेला असेल, तर सेव्हिलच्या इंडीज (म्हणजे त्या वसाहतींच्या) अभिलेखागारात समुद्रापार जाणाऱ्यांच्या परवान्यांच्या नोंदी आहेत, आणि 'पारेस' या सरकारी संकेतस्थळावरून त्या शोधता येतात. अनेक परवान्यांत प्रवाशाचे गाव आणि आई-वडिलांची नावे लिहिलेली सापडतात. परवान्याशिवाय गेलेलेही बरेच होते, त्यामुळे नोंद न मिळाल्याने काहीच सिद्ध होत नाही.

१९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धात पुष्कळ चर्चची पुस्तके जळाली. तशा गावासाठी प्रांतिक ऐतिहासिक अभिलेखागारांतली शंभर वर्षांहून जुनी नोटरी-दप्तरे पाहावीत; मृत्युपत्रे आणि हुंड्याच्या याद्या यांत नाती स्पष्ट लिहिलेली असतात. १७४९ पासून झालेल्या, एन्सेनादा या मंत्र्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीत कास्तिल राज्यातल्या सुमारे १५ हजार गावांची कुटुंबे आणि मालमत्ता नोंदवली गेली, मात्र बास्क प्रांत आणि नावार्रा तिच्यात नाहीत. आणि पूर्वजाने करमाफीसाठी आपले 'इदाल्गो' असणे, म्हणजे कनिष्ठ उमरावपण, सिद्ध करण्याचा दावा लावला असेल, तर वायादोलिद किंवा ग्रानादा येथील उच्च न्यायपीठाच्या कागदांत त्याच्या गावातल्या वृद्धांच्या साक्षी मिळू शकतात, ज्यांत दावेदाराचे वडील आणि आजोबा कोण, ते कोठे राहत होते आणि गावाने त्यांच्याकडून कर घेतला की नाही, हे एकेका साक्षीदाराने शपथेवर सांगितलेले असते.